कमी आवाजाचा टर्बो

९ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

परवा तुझा फोन लागला आणि तुटला. खाणीवरून फोन लागतो तेव्हा तू बोलायला लागतोस आणि माझी पाळी येईपर्यंत तो बंद पडतो. म्हणून पत्र. मला लिहूनच नीट सांगता येतं.

तुझ्या ताईची गाडी चढत नाही. मूळ तुझीच ती, त्यामुळे तिच्या खोडी तुला माहीत आहेत. ताई गेल्यापासून दर रविवारी आईंकडे मीच जातो. त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, म्हणून मागे पिण्याच्या पाण्याचे कॅन असतात. शिवाय गॅसचं सिलिंडर, पीठ, औषधं. सपाटीवर गाडी ठीक चालते. पाण्याच्या टाकीचं वळण संपलं की शेवटचा उभा चढ आहे ना, तिथे ती कुंथायला लागते. वर फाटकापाशी थांबावं लागतं. मी हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावतो, फाटक उघडतो, आणि परत निघायला गेलो की गाडी हलत नाही. थरथरते आणि बंद पडते. मग तशीच मागे मागे टाकीपर्यंत उतरवायची आणि सगळं सामान हातांनी वर न्यायचं. मागच्या रविवारी मी सिलिंडर अर्ध्या वाटेत ठेवून त्याच्यावरच बसून राहिलो होतो.

आपल्या चौकात टायरच्या दुकानामागे गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रीला दाखवली. त्याने नळी काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून दाखवला. किडक्या दातासारखा हलतो. तेल आत जातं आणि धूर निळा निघतो. टर्बो बदलायचा याबद्दल वाद नाही, कुठला घालायचा याबद्दल आहे. एक म्हणजे होता तसाच लहान. दुसरा त्याहून मोठा. तिसरा आत हलत्या पाकळ्या असलेला, जो म्हणे लहानही होतो आणि मोठाही. मिस्त्री सकाळी एक सांगतो आणि संध्याकाळी दुसरं. मी वजनकाटे तपासणारा माणूस. माप खरं की खोटं एवढं मला कळतं, पण या गृहस्थाला कुठल्या काट्यावर ठेवू?

तू इंजिनातला आहेस, तूच सांग. मला दोनच गोष्टी हव्यात. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलली पाहिजे. आणि आवाज कमी हवा. टर्बोची ती शिट्टी येते, ती नसेल तर उत्तम.

रस्ता ओला व्हायच्या आत हे व्हायला हवं. चिखलात मी सिलिंडर वर नेऊ शकणार नाही, आणि आई घर सोडून खाली यायला तयार नाहीत.

मी ठीक आहे. वेळेवर जेवतो.

भावोजी


२६ फेब्रुवारी

ती. भावोजी,

नमस्कार. पत्र डिझेलच्या टँकरवाल्याबरोबर आलं. तुमचं अक्षर पाहून इथल्या साहेबाला वाटलं सरकारी नोटीस आहे.

कमी आवाजाचा टर्बो ही मागणी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. भावोजी, टर्बो फिरला की शिट्टी येणारच. शिट्टी न वाजवणारा टर्बो म्हणजे न बोलणारी आत्या. असते एखादी, पण तिची तब्येत तपासून घ्यावी लागते.

आधी एक सांगा. गिअरच्या शेजारचा छोटा लिव्हर तुम्ही खाली का ओढत नाही? फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची, आणि चढावर रडत बसायचं? तो ओढला की गाडी भिंतसुद्धा चढेल.

आता टर्बोचं. मोठाच घालायचा. मिस्त्री बावळट असला तरी हे बरोबर सांगतोय. पाकळ्यांवाल्याच्या नादी लागू नका, पाकळ्या काजळीने चिकटतात आणि मग तो ना लहान राहत ना मोठा. मी ताईला ही गाडी शिकवली, तेव्हा ती टाकीच्या वळणावर ब्रेकला पाय लावत नसे. मी डोळे मिटून बसायचो आणि ती हसायची. तिचं कायम एकच, ठोक्या, हिच्यात अजून दम हवा होता रे. तो दम तिला द्यायचा राहून गेला.

इथल्या एका टँकरचा टर्बो काढलेला पडून होता. मी स्वतः उघडून, धुऊन, नवं बेअरिंग घालून तयार केलाय. पार्सल निघालंय. मिस्त्रीला म्हणावं, नीट बसव, आणि तुझी अक्कल त्यात मिसळू नकोस.

आईला माझा नमस्कार. इथे सुट्टीचं काही जमत नाही. माझ्याशिवाय जनरेटर कोणी बघत नाही.

तुमचा,
ठोक्या


२२ मार्च

प्रिय ठोक्या,

पार्सल मिळालं. त्याचा आकार बघून पोस्टमनने विचारलं, यात मूर्ती आहे का.

तुझ्या टर्बोची भोकं आपल्या गाडीच्या भोकांशी जुळत नाहीत. मिस्त्रीने मध्ये घालायला लोखंडी पट्टी कापून आणली, ती तिरकी निघाली. दुसरी आणली, तर तेलाची नळी आखूड पडली. नळी मिळाली, तोवर मिस्त्री कुणाच्या तरी लग्नाला गेला. गाडी तिथे तोंड उघडं टाकून उभी. मी रोज ऑफिसातून सुटलो की जाऊन बघत होतो, दवाखान्यात जावं तसं. मध्ये दोन रविवार भाड्याच्या रिक्षाने टाकीपर्यंत गेलो. रिक्षावाला पुढे यायला तयार नव्हता, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

अखेर गाडी मिळाली. हमरस्त्यावर ती वाऱ्यासारखी पळते. मला हमरस्त्यावर कुठेही वाऱ्यासारखं जायचं नाही. चढावर मात्र आधीपेक्षा वाईट. तिसऱ्या गिअरमध्ये कशीबशी फाटकापर्यंत पोचते, मागे काळ्या धुराचा पडदा. थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की टर्बो आहे की नाही तेच कळत नाही. मागच्या रविवारी दगड सरकला आणि गाडी मागे जाऊन गटाराच्या कठड्याला टेकली. मागचा दिवा फुटला. कॅन पडून पाणी रस्त्याने खाली गेलं. मला काही झालं नाही.

छोट्या लिव्हरचं म्हणशील, तर मी आणि मिस्त्री दोघांनी मिळून ओढला. त्याची मूठ माझ्या हातात आली, लिव्हर तिथेच आहे. तुझ्या ताईला तो कधी लागला नाही, त्यामुळे गंजून बसलाय. तो सोडवायचा तर खालचा सगळा डबा उघडावा लागेल असं मिस्त्री म्हणतो, आणि हे सांगताना तो हात चोळत होता, त्यावरून मी समजायचं ते समजलो.

आवाज मात्र अजिबात येत नाही. तेवढी एक गोष्ट मनासारखी झाली.

आता पाकळ्यांवाला बघावा का? चिडून लिहीत नाही, पण तुझी इंजिनं जागेवर उभी असतात. त्यांना कुणाच्या घरी जायचं नसतं.

भावोजी


५ एप्रिल

ती. भावोजी,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र ठेवून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं, तेव्हा मला दुसरंच वाक्य दिसलं.

तिसऱ्या गिअरमध्ये? तो चढ कोण तिसऱ्यात चढतं? चालायला लागलेलं पोरसुद्धा सांगेल, तिथे दुसरा हवा. तिसऱ्यात इंजिन फिरतच नसणार, गुदमरत असणार. टर्बोला वारा मिळेना, काजळी साचतेय, म्हणून धूर. तुम्ही नवा जुना कुठलाही टर्बो घाला, वाट लागणारच. मी इतकं खपून तयार केलेला माल तुम्ही गळा दाबून चालवताय आणि वर मला टोमणा मारताय.

शिवाय हे फाटक कुठलं? मी तिथे राहत होतो तेव्हा फाटक नव्हतं. ताई वारली तेव्हा आलो होतो, पण माणसांच्या गर्दीत मी काही पाहिलं नाही. असेल, बसवलं असेल. पण मग ते उघडं ठेवा की. आधी जाऊन उघडून या. नाहीतर आईला सांगा उघडून ठेवायला. रविवारी तुम्ही येणार हे तिला माहीत असतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दोन महिने टर्बो टर्बो करत बसलात? तुम्ही चार ओळींत मोजून मापून लिहिता आणि मुद्द्याचं तेवढं गाळता. ताई हेच म्हणायची, की यांच्या पोटातलं काढायला सांडशी लागते.

गाडी झेपत नसेल तर तसं सांगा, त्यात लाज नाही. गाडी विकून टाकू आणि आईला खाली तुमच्याकडे आणू. ती नाही म्हणेल, पण तिला विचारतंय कोण.

मी आईला वेगळं पत्र टाकलंय. फाटकाबद्दल विचारलंय.

ठोक्या


१९ एप्रिल

प्रिय ठोक्या,

आईंना पत्र टाकायची गरज नव्हती.

फाटक उघडं राहत नाही. शेजारची गुरं बाग खातात म्हणून ते तुझ्या ताईनेच बसवून घेतलं होतं. ते उताराकडे झुकलेलं आहे, हात सोडला की आपोआप मिटतं. दगड लावून पाहिला. दोरी बांधून पाहिली, तुटली. आईंना उघडायला सांगायचं नाही. त्याचं कारण तू विचारू नकोस. मी सांगणार नाही.

गिअरचं तू म्हणतोस ते खरं असेल. मला गाडी येते. मी तिसऱ्यात चढतो कारण मला तिसऱ्यात चढायचं असतं.

तू ज्या ताईसाठी मोठा टर्बो पाठवलास, ती तुझी कॉलेजातली ताई. माझ्या शेजारी बसून गाडी चालवणारी वेगळी होती. ती टाकीपाशी वेग कमी करून, शांतपणे दुसऱ्यात घालून चढायची. घाई कधी केली नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

आता काही पाठवू नकोस. तुझा टर्बो मी काढून घेतो आणि जुनाच परत लावतो, धूर येईना का. सामान हातांनी नेईन. गाडी विकायची नाही आणि आईंना कुणी उचलून आणायचं नाही.

भावोजी


२ मे

चि. ठोक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं. इतक्या दिवसांनी आईची आठवण झाली ती फाटकावरून, हे एक बरं झालं.

विचारलंस म्हणून सांगते. ताई वळणावर आली की गाडीची शिट्टी ऐकू यायची. मी हातातलं टाकून चपला घालायची आणि फाटक धरून उभी राहायची. ती न थांबता आत यायची. थांबलं की गाडी अडते, म्हणून आमचं तसं ठरलेलंच होतं. आत येऊन म्हणायची, आई, आज उशीर केलास. मी म्हणायची, तू लवकर आलीस.

ती गेल्यावर पहिल्या रविवारी मी आत भांडी घासत होते आणि शिट्टी आली. मी तशीच ओल्या हातांनी धावत गेले. फाटक उघडलं. गाडीत जावई. माझ्या तोंडावर काय दिसलं देव जाणे. त्यांनी मान फिरवली. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

तेव्हापासून ते येतात ते चोरासारखे. शिट्टी नाही, काही नाही. फाटकाची कडी वाजते तेव्हा कळतं. मी उठेपर्यंत त्यांचं सामान वाहणं सुरू झालेलं असतं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मला वाटलं, मी फाटकात उभी राहिलेली त्यांना बघवत नसेल. म्हणून मी मुद्दाम आतच बसते. पाणी देते. त्यांनी तिच्याबद्दल बोलावं असं मला वाटतं, पण जावयाला कसं विचारणार.

तू लिहिलंस की त्यांना आवाज न करणारं यंत्र हवंय. मग मला उलगडा झाला. माणूस भला आहे, पण त्यांना सांग, ती येणार नाही हे मला माहीत आहे. म्हातारी झाले, वेडी नाही झाले. कुणीतरी येतंय एवढं आधी कळलं, की उठायला कारण मिळतं.

हे मी त्यांना तोंडाने सांगू शकत नाही, तू सांग. तुला बोलायला लाज नाही, लहानपणापासून नव्हती.

तू कधी येणार आहेस, की तुझ्यासाठीही शिट्टीच ऐकत बसू?

आई


१४ मे

ती. भावोजी,

सोबत आईचं पत्र जोडलंय. ते आधी वाचा, मग माझं.

वाचलंत? आता मी फार बोलत नाही.

जुना टर्बो लावलाच असेल तर लगेच काढा, त्याचं तेल इंजिनाला मारेल. पार्सलमध्ये लहान टर्बो आहे. मूळ होता त्याच मापाचा, नवाकोरा. भोकं जुळतील, पट्टी लागणार नाही, मिस्त्रीला तिरकं काही कापायला मिळणार नाही याचं त्याला वाईट वाटेल. मोठ्याला फिरायला भरपूर वारा लागतो, म्हणून तो हमरस्त्यावर पळाला आणि चढावर झोपला. लहान थोड्या वाऱ्यावर उठतो. त्या चढाला तोच हवा होता आणि ताईच्या चालवण्यालाही तोच बरोबर होता. मी आधी पाठवला तो मोठा टर्बो मला आठवणाऱ्या मुलीचा होता. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. ती शांतपणे दुसऱ्यात घालून चढायची, हे मला माहीतच नव्हतं. मी ते वाक्य पुष्कळदा वाचलं.

काजळी साफ करून घ्या, हवेची जाळी नवी घाला. लिव्हरवर रोज तेल सोडत राहा, कधीतरी सुटेल, घाई नाही.

मग टाकीपाशी दुसरा गिअर. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. तिसऱ्यात दाबून ठेवलेली शिट्टी येईल. येऊ द्या.

कमी आवाजाचा मी देऊ शकत नाही, भावोजी.

जनरेटर मी नसलो तरी चालतात. हे मी बरेच महिने कुणाला सांगितलं नव्हतं. ताई नसलेल्या त्या घरात यायला माझे पाय उचलत नाहीत, एवढंच. पावसाआधी येतो. आईला सांगू नका, नाहीतर ती रोज फाटकात उभी राहील.

ठोक्या


९ जून

प्रिय ठोक्या,

आईंचं पत्र वाचलं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते जपून ठेवलं आहे.

टर्बो बसला. भोकं जुळली. मिस्त्रीने तरीही एक बोल्ट हरवला आणि तो माझ्या खिशात असेल असं त्याचं म्हणणं पडलं. तो त्याच्याच पाटलोणीच्या घडीत सापडला. असो.

रविवारी गेलो. टाकीपाशी दुसऱ्यात घातली. पाय दाबला तशी शिट्टी आली. बरेच महिने मी ती ऐकली नव्हती. गाडीत बसून ती कशी ऐकू येते हे मी विसरलो होतो, कारण पूर्वी मी शेजारी असायचो आणि आमचं काहीतरी बोलणं चाललेलं असायचं. माझा पाय उचलला जात होता. उचलला नाही. गाडी एका दमात वर गेली.

फाटक बंद होतं.

तुला खरं सांगतो, त्या क्षणी मला तुझा, मिस्त्रीचा, त्या टर्बोचा आणि माझा स्वतःचा इतका राग आला की मी गाडी तशीच फाटकावर घालणार होतो. ब्रेक दाबला. गाडी थांबली. दगड लावायला उतरणार, तेवढ्यात आई बागेच्या बाजूने आल्या. एक चप्पल पायात, दुसरी हातात. फाटक ओढून धरलं आणि मला हाताने खूण केली, या म्हणून. मी पहिला गिअर टाकला. गाडी थांबलेल्या जागेवरून निघाली, दगडाशिवाय, आणि आत गेली. हलली, एवढं तुझ्या माहितीसाठी.

मी आत आल्यावर आई फाटकाची कडी लावून, चप्पल पायात घालून आल्या. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "आज उशीर झाला."

मला काय उत्तर द्यायचं ते माहीत होतं, पण ते माझं नव्हतं. मी म्हणालो, "बोल्ट हरवला होता."

मग आम्ही ओट्यावर बसलो. सामान गाडीतच होतं, वाहायचं काही नव्हतं, म्हणून बसायला वेळ मिळाला. त्यांनी विचारलं, ती गाडी चालवताना काय बोलायची. मी सांगितलं. फारसं काही नाही, ऑफिसातलं, भाजीचं, तुझी नक्कल. तुझी नक्कल मी त्यांना करून दाखवली. मला ती येत नाही, तरी त्या हसल्या.

निघताना त्यांनी एक काम सांगितलं आहे. रविवारी सकाळी त्या बागेला पाणी सोडतात आणि विहिरीची मोटर चालू असली की वळणावरचं काही ऐकू येत नाही. शिट्टी अगदी जवळ आल्यावर त्यांच्या कानावर पडली, म्हणून चप्पल हातात राहिली. ताईच्या वेळी असं होत नव्हतं म्हणाल्या. मला वाटतं तेव्हा त्यांचे कान बरे होते, पण ते मी बोललो नाही.

तर येशील तेव्हा हत्यारं घेऊन ये. मिस्त्री म्हणतो आवाजाचं काही करता येत नाही, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही.

शिट्टी थोडी मोठी करता येते का, ते बघायचं आहे.

भावोजी